मंगळवारची मीटिंग आणि आमचा जर्नालिझमचा क्लास

मंगळवार, रात्रीचे साडेअकरा. आत्ताच सिटी कौन्सिलच्या मीटिंगवरून आलेय, मुलं झोपलीत, आणि डोक्यात इतकं काही चाललंय की लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या ओलोनी कॉलेजात नाव घातलं तेव्हा ओळखीच्या बऱ्याच जणांनी विचारलं की या वयात पत्रकारिता कशाला आणि शिकायचीच तर कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात का. मला ते लागलं. कॅलिफोर्नियात राहणाऱ्याला युनिटमागे (कोर्स युनिटांत मोजतात) ४६ डॉलर फी, मार्कांची अट नाही, त्यामुळे वर्गात कोण कोण येतं बघा ना, रात्रपाळी करून थेट क्लासला येणारा मुलगा, रिटायर झालेल्या एक नर्सबाई, दोन वर्षांनी सॅन होजे स्टेट युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर घ्यायची म्हणून झटणारी मुलगी. कुठली बस वेळेवर येत नाही, भाडं कुठे किती वाढलं, हे या लोकांना आधीपासून ठाऊक असतं. बातमी लिहायला अजून काय लागतं?

सव्वादोन लाखांच्या वर वस्तीचं हे शहर, पण त्याचं स्वतःचं दैनिक राहिलेलं नाही. 'आर्गस' होतं, ते २०१६ मध्ये 'ईस्ट बे टाइम्स'मध्ये विलीन झालं. म्हणजे रोज सकाळी फक्त आपल्याच गावाबद्दल सांगणारा पेपर नाही. मी सांगलीची, घरी चहाबरोबर आधी स्थानिक पान उघडायचं अशी सवय, त्यामुळे मला हे फार खुपतं.

आमच्या प्रोफेसरबाईंनी शिकवलेली मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट म्हणजे कौन्सिलच्या मीटिंगचा अजेंडा वाचायला कन्सेंट कॅलेंडरपासून सुरुवात करायची. ज्या विषयांवर भांडण होणार नाही असं धरलेलं असतं ते सगळे त्यात एकत्र टाकतात आणि चर्चा न करता एकाच मतदानात मंजूर करतात. कंत्राटं, खरेदी, करारांच्या मुदतवाढी, खरा पैसा बऱ्याचदा तिथेच असतो! आजही अख्खी यादी काही मिनिटांत पार पडली, आणि मी आधी कागद वाचून गेले होते म्हणून निदान कशाला हो म्हटलं जातंय ते मला कळत तरी होतं.

आणि हे कागद आपल्याला मिळतात ते कुणाच्या मेहेरबानीने नाही. १९५२ साली मायकेल हॅरिस नावाच्या रिपोर्टरने 'सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल'मध्ये बंद दाराआड चालणाऱ्या कारभारावर लेखमाला लिहिली आणि पुढच्याच वर्षी ब्राउन अॅक्ट, म्हणजे स्थानिक संस्थांच्या मीटिंगा लोकांसमोर घ्यायला लावणारा कॅलिफोर्नियाचा कायदा आला. नेहमीच्या मीटिंगचा अजेंडा ७२ तास आधी सगळ्यांना दिसेल असा लावायचा, लोकांना बोलू द्यायचं, हे त्यातूनच आलं. एका रिपोर्टरने चिकाटीने लिहिलं म्हणून आज माझ्यासारखी बाई मीटिंगमध्ये जाऊन बसू शकते, हे मला खूप मोठं वाटतं.

बाबांना हे फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "अगं, माहितीच्या अधिकाराचा कायदा आपल्याकडे केंद्राच्या आधी आला." खरंच आहे, महाराष्ट्राचा २००२ चा, केंद्राचा २००५ चा. केंद्राच्या कायद्यात तीस दिवसांत माहिती द्यायची, इथे कॅलिफोर्नियात दहा दिवसांत कागद देणार की नाही ते कळवावं लागतं. बाबा लगेच म्हणाले, "मग अर्ज कर की, वाट कसली बघतेस?"

गुरुवारपर्यंत बातमी द्यायचीय, चारशे शब्द, प्रत्येक विधान कोणाचं ते नावासकट. त्या मंजूर झालेल्या कंत्राटांपैकी एकाचे जुने कागद मागायचेत, त्याचा अर्ज अर्धा लिहून झालाय. नर्सबाई म्हणाल्या उद्या लायब्ररीत दोघी बसून पुरा करू.