टाचेतलं रक्त

गणपती जवळ आले की आमच्या लॅबच्या खिडकीत एकच प्रश्न ऐकू येतो, "प्लेटलेट किती आल्या?" रिक्षावाल्या काकांपासून सोसायटीच्या चेअरमनपर्यंत सगळ्यांना तो आकडा कळतो आणि पपईची पानं कुणाच्या अंगणात आहेत हेही. डेंगीचे दिवस. मलेरियाचं नाव आता पुण्यात सहसा कुणी काढत नाही. मी १९८८ साली कामाला लागले तेव्हा थंडी वाजून ताप आला की डॉक्टर चिठ्ठीवर आधी 'एम.पी.', म्हणजे मलेरियाचे परजीवी शोधा, असं लिहायचे आणि संध्याकाळपर्यंत तीस-चाळीस स्लाईड वाचून माझे डोळे चुरचुरायचे. माझी आजी या तापाला हिवताप म्हणायची, त्यावरच्या गोळ्यांना कोयनेल, आणि 'पाणथरी (प्लीहा) वाढली' असं शेजारच्या पोरांच्या पोटाला नुसता हात लावून सांगायची. आता एखादा आठवडा एकही पॉझिटिव्ह न येता जातो, आणि नव्या मुली मशीनचा कागद वाचतात, स्लाईड नाही. जाऊ दे, हा माझा जुना रडगाण्याचा विषय आहे.

सांगायचं आहे ते वेगळंच. काही वर्षांपूर्वीची भाद्रपदातली गोष्ट. जवळच्या बाळांच्या दवाखान्यातून एक सॅम्पल आलं, टाचेतून काढलेलं थेंबभर रक्त. मुलगी, अकरा दिवसांची, वजन सव्वादोन किलो. आठव्या दिवसापासून ताप, अंगावर ओढत नाही, पोट फुगलेलं, रंग पांढरट. डॉक्टरांनी जंतुसंसर्ग धरून अँटिबायोटिक सुरू केलं होतं, आणि ते बरोबरच होतं. इतक्या लहान बाळाला ताप आला की कुणीही तेच करेल. काही बाळांना तर ताप येतही नाही, उलट अंग गार पडतं. मशीनने हिमोग्लोबिन ९ दिलं, प्लेटलेट ३८ हजार, दोन्ही फारच कमी, आणि शेजारी फ्लॅग, म्हणजे 'नीट तपासा' अशी खूण. फ्लॅग आला की स्लाईड बघायची, हा आमच्या सरांचा नियम.

बघितली. तेलातली शंभरची लेन्स लावून सरकवत गेले. एका तांबड्या पेशीवर जांभळट काहीतरी बसलं होतं. मनात म्हटलं, प्लेटलेट. पेशीवर प्लेटलेट चढून बसली की भोवती पांढुरकी कडा दिसते आणि नवखी माणसं हमखास फसतात. ती ओळखायची युक्ती अशी की फाइन फोकस हळूच खालीवर करायचा. प्लेटलेट वर बसलेली असते, त्यामुळे ती आणि पेशी एकाच वेळी स्वच्छ दिसत नाहीत. हे दोन्ही एकदमच स्वच्छ दिसत होतं. पुढच्या फील्डमध्ये, म्हणजे लेन्समधून एका वेळी दिसणाऱ्या तुकड्यात, अजून एक. तिथे पेशी शेजारणींपेक्षा फुगलेली, आत वेडावाकडा पसरलेला परजीवी आणि सगळीकडे बारीक गुलाबी ठिपके. व्हायवॅक्स, मलेरियाच्या परजीवीची एक जात. उरलेल्या थेंबाची जाड स्लाईडही केली. तीत रक्त एका जागी दाटलेलं असल्याने परजीवी लवकर सापडतात. सापडले.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "अहो ताई, बाळ अकरा दिवसांचं आहे!"

"म्हणूनच फोन केला. आईला ताप आला होता का, तेवढं विचारा."

बाळाचे आईवडील गडचिरोलीकडचे, वाघोलीच्या पुढे एका साइटवर कामाला. साइट म्हटल्यावर प्रत्येकाला आधी डासच आठवतो, आणि त्यात चूक काही नाही. स्लॅबवर आळी करून साठवलेलं पाणी, उघडे बॅरल, झाकण नसलेल्या टाक्या, असल्या स्वच्छ पाण्यात शहरातला मलेरिया पसरवणारी अ‍ॅनोफिलिस स्टिफेन्सी मजेत वाढते. पण इथे दिवसांचा हिशोब जमत नव्हता. मादी चावल्यावर परजीवी आधी लिव्हरमध्ये जातो, तिथे आठवडाभर तरी वाढतो आणि मग रक्तात उतरतो. व्हायवॅक्सचा ताप यायला साधारण दोन आठवडे लागतात. या बाळाला आठव्या दिवशीच ताप होता. म्हणजे बाळ जन्मालाच ते घेऊन आलं होतं.

आई घाबरून काही बोलेना. शेवटी नवऱ्याने सांगितलं, सातव्या महिन्यात गावाला असताना तिला हुडहुडी भरून ताप आला होता. मेडिकलमधून गोळ्या आणल्या, एक दिवस घेतल्या, उतरला, तर उरलेल्या ठेवून दिल्या. पुण्याला आल्यावर परत दोनदा कसकस आली, पण काम चालू होतं. तिच्या बोटातलं रक्त घेऊन मी पातळ स्लाईडची शंभर फील्ड बघितली, काही नाही. जाड स्लाईडवर मात्र तासाभराने दोन मिळाले.

बहुतेक बाळं यातून सुटतात. आईच्या अँटिबॉडी वारेतून बाळापर्यंत पोचतात आणि बाळाचं पहिलं हिमोग्लोबिनही परजीवीला फारसं मानवत नाही. त्यामुळे असं बाळ क्वचित दिसतं, आणि क्वचित दिसतं म्हणून कुणी शोधत नाही.

त्यातही एक गोष्ट या मुलीच्या बाजूची होती. तिला डास चावलेला नव्हता, आईचं रक्तच तिच्यात आलं होतं. त्यामुळे तिच्या लिव्हरमध्ये व्हायवॅक्सचे ते झोपलेले परजीवी नव्हतेच, जे महिन्यांनी उठून पुन्हा ताप आणतात. तिला वजनाच्या हिशोबाने तीन दिवस क्लोरोक्विन पुरलं. प्रायमाक्विनची गरज नव्हती, आणि इतक्या लहान बाळाला ते देतही नाहीत. क्लोरोक्विनचा डोस मात्र नर्सने दोनदा मोजला, कारण तो थोडा जास्त झाला तरी बाळाच्या हृदयाला झेपत नाही. आईचं प्रकरण अवघड. झोपलेले परजीवी तिच्याच लिव्हरमध्ये, आणि त्यांना मारणारं प्रायमाक्विन ना गरोदरपणी देता येतं, ना अंगावर लहान बाळ पीत असताना सरसकट. आधी जी-सिक्स-पीडी तपासावं लागतं. ते एन्झाइम कमी असलं तर याच गोळ्यांनी तांबड्या पेशी फुटतात.

व्हायवॅक्स म्हणजे साधा मलेरिया, असं आम्ही शिकलो. त्या ३८ हजारांनंतर मी तसं म्हणत नाही. तरी खरी धडकी फाल्सिपारमची, मलेरियाच्या परजीवीच्या दुसऱ्या जातीची. एकदा ओडिशाहून आलेल्या एका ट्रकच्या क्लीनरची स्लाईड लावली तर एकेका पेशीत दोन-दोन, तीन-तीन नाजूक कड्या. सकाळी तो चालत आला होता. दुपारी भावाला ओळखेना, लघवी काळपट, साखर ४० च्या खाली. फाल्सिपारमने भरलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसतात, मेंदूत, मूत्रपिंडात, आणि गरोदर बाई असेल तर वारेत. स्लाईडवर दिसतात ते फक्त फिरतीवरचे. म्हणून बाईच्या बोटाच्या रक्तात काही मिळालं नाही तरी वार भरलेली असू शकते, आणि मग बाळ वेळेआधी येतं, कमी वजनाचं येतं, कधी येतच नाही. त्या क्लीनरला आर्टेसुनेटची इंजेक्शनं मिळाली, डायलिसिस लागलं, तो वाचला. भाऊ रिपोर्ट घ्यायला आला तेव्हा चहाला थांबला नाही, गाडी सुटणार होती म्हणे.

बाळाची चौथ्या दिवशीची स्लाईड मी दोनशे फील्ड बघितली. एकही नाही. मुलीचा बाप खिडकीपाशी उभा होता. काय पाहिजे विचारलं तर म्हणाला, "त्ये किडे मले दाखवा ना एकदा." त्याला आत बोलावून पहिली स्लाईड लावून दिली. बराच वेळ बघत राहिला. मग विचारलं, "हे सगळे तिच्यात होते?" मी म्हटलं, हा तर तिच्या रक्ताचा एकच थेंब.

ती स्लाईड अजून माझ्या डब्यात आहे, नाव नाही, नुसता नंबर. गेल्या आठवड्यात नवी मुलगी आली डीएमएलटी, म्हणजे लॅबचा डिप्लोमा, करून, तिला लावून दिली. दोन मिनिटं बघून म्हणाली, "मॅडम, प्लेटलेट आहे."

"फोकस खालीवर कर," म्हटलं आणि चहा टाकायला गेले.