पद्मिनीचं इंजिन, भाग दोन: मळ काढण्याआधी मळ बघा

हेड, म्हणजे ब्लॉकवर बसणारा इंजिनचा वरचा भाग, खाली आलं आहे, सिलिंडरमधला धूर गोळा करून पाइपात सोडणारा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड सुटला आहे, पुढचा पाइपही उतरवला. आता जोडाजोड नाही, फक्त साफसफाई. गाडी १९८४ ची प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसी, ब्लॉक बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचं. दोन तक्रारींसाठी इंजिन उघडलं. गगनबावड्याहून करूळ घाट गिअरमध्ये उतरून खाली आल्यावर पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर दिला की मागून निळ्या धुराचा लोट निघायचा. आणि सिग्नलला उभं राहिलं की बॉनेटमधून जळक्या ऑइलचा वास यायचा.

बरेच जण इथे पहिलं काम करतात ते म्हणजे गाडी वॉशिंग सेंटरवर नेऊन प्रेशरनं इंजिन धुऊन घेणं. माझा त्याला ठाम विरोध आहे. पाणी डेल्कोत (डिस्ट्रिब्युटरमध्ये), डायनामोत, वायरिंगच्या जोडांत शिरतं हे तर आहेच. त्याहून मोठं नुकसान म्हणजे ऑइल कुठून येतंय याचा सगळा पुरावा गटारात जातो.

म्हणून आधी कोरडं निरीक्षण. दिवसाच्या उजेडात, हातात टॉर्च घेऊन, प्रत्येक बाजूचे फोटो. जुना मळ कोरडा, भुरकट आणि खरपुडीनं निघतो. ताजी गळती ओली आणि चकचकीत दिसते. गळती खाली वाहते आणि चालत्या गाडीत वाऱ्यानं मागे ढकलली जाते, त्यामुळे ओल्या भागाचं सगळ्यात वरचं आणि सगळ्यात पुढचं टोक शोधायचं. माझ्याकडे चेंबर, म्हणजे इंजिनच्या तळाचं ऑइलचं भांडं, पूर्ण ओलं होतं आणि बघणारा प्रत्येक जण चेंबरचं पॅकिंग बदला म्हणत होता. वर वर माग काढत गेलो तर ओल टॅपेट कव्हरच्या, म्हणजे हेडवरच्या झाकणाच्या, मागच्या कोपऱ्यापर्यंत पोचली. तिथलं बुचाचं पॅकिंग लाकडासारखं टणक झालेलं. तिथून ऑइल मॅनिफोल्डवर टपकत होतं, वास त्याचाच होता. चेंबर बिचारं फक्त खाली असल्यामुळे भिजलं होतं.

हेडच्या आतली कथा वेगळी. चार नंबरच्या इनलेट व्हॉल्व्हच्या पाठीवर डांबरासारखा जाड, ओलसर थर. बाकी तिघांवर पातळ आणि कोरडा. उतारावर थ्रॉटल बंद असताना इनलेटमध्ये जोरदार व्हॅक्यूम तयार होतो आणि झिजलेल्या गाइडमधून (व्हॉल्व्हचा दांडा ज्या नळीत सरकतो ती) ऑइल आत ओढलं जातं. ते साठतं, आणि अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर जळून निळा धूर होतो. घाटातल्या धुराचा आणि या थराचा हिशेब तंतोतंत जुळला. त्याच सिलिंडरच्या एक्झॉस्टची काजळीही बोटाला ओली लागत होती. कोरडी मऊ काळी काजळी असती तर कार्ब्युरेटर पेट्रोल जास्त देतोय असं समजलो असतो. हे सगळं लिहून, फोटो काढून झाल्यावरच ब्रश हातात घेतला.

ब्रश घेण्याआधी दोन सावधगिऱ्या, आणि या मी कुणालाच वगळू देणार नाही. भारतात शिसेयुक्त पेट्रोल पूर्ण बंद झालं ते फेब्रुवारी २००० मध्ये. म्हणजे १९८४ ची गाडी निदान पंधरा वर्षं शिसं जाळत आली. मूळ हेड आणि मूळ मॅनिफोल्ड असेल तर आतल्या राखाडी थरात ते शिसं अजून असू शकतं. दुसरं, जुन्या एक्झॉस्ट पॅकिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरूनच चालायचं. दोन्हींचा उपाय एकच: कोरडं घासायचं नाही, एअरनं फुंकायचं नाही. असा थर आणि असं पॅकिंग आधी साबणाच्या पाण्यानं भिजवायचं, मग खरवडायचं, निघालेला गाळ ओला असतानाच पिशवीत बांधायचा. चांगला मास्क, हातमोजे, आणि ते कपडे घरच्या कपड्यांत धुवायचे नाहीत.

मग भागांची वाटणी. त्यासाठी माझं सगळ्यात उपयोगी हत्यार म्हणजे लोहचुंबक. ज्याला चिकटतं ते बीड किंवा पोलाद, त्यांचं एक घमेलं. ज्याला चिकटत नाही ते अ‍ॅल्युमिनियम, पितळ किंवा कार्ब्युरेटरच्या बॉडीसारखा जस्ताचा मिश्रधातू, त्यांचं दुसरं. ही वाटणी कॉस्टिक सोड्यासाठी. कोल्हापुरातल्या उद्यमनगर या कारखान्यांच्या भागात ज्या मिस्त्रींकडे मी हेड दाखवायला नेलं होतं, त्यांनी टाकीकडे बोट दाखवून आधीच सांगितलं, “हेड कॉस्टिकात बुडवू नगासा सायेब. काळं पडंल, आनि वरचा थर खाऊन टाकतंय ते.” अगदी खरं आहे. कॉस्टिक अ‍ॅल्युमिनियमला विरघळवतं आणि त्यातून हायड्रोजन वायू सुटतो. हेडचा तासून सपाट केलेला पृष्ठभाग, जिथे पॅकिंग बसतं, तोच खाल्ला गेला तर धुणं फुकट गेलं.

कॉस्टिकबद्दल आणखी एक गोष्ट, कारण आपल्याकडे त्यावर फार भिस्त आहे. तूप, गोडेतेल यांचा कॉस्टिकनं साबण होतो. इंजिन ऑइल खनिज तेल आहे, त्याचा होत नाही. नुसत्या कॉस्टिकच्या पाण्यात बिडाचा भाग टाकला तर रंग निघतो, जळकी पुटं सैल होतात, पण ऑइलची चिकट पापुद्री रेंगाळते. त्यात डिटर्जंट घातला की तो ऑइलला धातूवरून सोडवून पाण्यात धरून ठेवतो. मी एका लिटरला साधारण ५० ग्रॅम कॉस्टिक आणि मूठभर कपडे धुण्याची पावडर वापरतो, पाणी ६० अंशांच्या आसपास. आधी पाणी, मग त्यात हळूहळू कॉस्टिक. उलटं केलं तर उकळी फुटून अंगावर उडतं. डोळ्यांवर गॉगल, कोपरापर्यंत रबरी मोजे, आणि भांडं लोखंडी किंवा स्टीलचं. अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं नाही.

हेडसाठी मार्ग लांबचा आहे पण सुरक्षित. पहिल्या फेरीला पूर्वी सगळे रॉकेल वापरायचे. आता ते सहज मिळत नाही म्हणून रंगाच्या दुकानातलं टर्पेंटाइन. डिझेलही चालतं, फक्त ते मागे स्वतःचा तेलकट थर ठेवतं, त्यामुळे दुसरी फेरी जास्त मन लावून करावी लागते. पेट्रोल अजिबात नाही. पेट्रोलची वाफ शून्याच्या खूप खालच्या तापमानालाही पेट घेते, आणि एप्रिल-मेमध्ये कोल्हापूरचा पारा जिथे जातो तिथे टर्पेंटाइनसुद्धा सावलीत आणि उघड्या हवेतच वापरावं. शेडमध्ये वेल्डिंग, ग्राइंडर, विडी, काही चालू नको.

क्रम महत्त्वाचा: कोरड्या भागावर टर्पेंटाइन, नायलॉनच्या ब्रशनं घासणं, थोडा वेळ मुरू देणं, मग भांडी घासायचं लिक्विड गरम पाण्यात, आणि शेवटी भरपूर साधं पाणी. आधीच पाणी मारलं तर टर्पेंटाइन ऑइलपर्यंत पोचतच नाही. व्हॉल्व्हच्या बाजूचा भाजलेला कार्बन यानं निघणार नाही. तो भिजवून लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीनं खरवडला, हट्टी जागी पितळी ब्रश. पॅकिंगच्या सपाटीवर तारेचं चाक किंवा हिरवा खरखरीत पॅड मी लावत नाही. पॅडमधले अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे कण ऑइलच्या वाटांत शिरले तर बेअरिंग खातात.

साफ झालं की नाही हे डोळ्यांनी ठरवू नका. भागावर स्वच्छ पाणी ओता. पाणी अखंड चादरीसारखं पसरून राहिलं तर ऑइल गेलं. थेंब थेंब होऊन आकसलं तर तिथे अजून ऑइल आहे. हेड दोनदा साफ वाटलं आणि दोन्हीदा पाण्यानं स्टडच्या भोकांभोवतीची ऑइलची कडी दाखवून दिली.

मॅनिफोल्ड. हा भाग मला सगळ्यात आवडला, कारण इथे फरक हाताला कळतो. त्यावर टॅपेट कव्हरमधून वर्षानुवर्षं गळून भाजलेलं ऑइल होतं, नखानं न निघणारं. कॉस्टिकच्या गरम पाण्यात ठेवून, तारेचा ब्रश, पुन्हा पाण्यात, पुन्हा ब्रश. हळूहळू खालून ओतकामाचे आकडे आणि साच्याची शिवण वर आली. ज्या गावात बिडाच्या फाउंड्र्यांवर इतकी घरं चालतात, तिथे चाळीस वर्षांपूर्वीचं ओतकाम असं उघडं झालेलं बघताना मी काम थांबवून ते बराच वेळ न्याहाळलं.

त्या दिवशी दुपारनंतर वळवाचा पाऊस झाला आणि हवा दमट झाली. ओलं बीड अशा हवेत काही मिनिटांत तांबूस होतं. म्हणून धुतल्या धुतल्या एअर मारली, मॅनिफोल्ड हीटगननं गरम केला, आणि गार झाल्यावर थिनरच्या स्वच्छ फडक्यानं पुसला. बाकीच्या बिडाच्या भागांना पातळ ऑइल लावून पिशवीत बांधलं, पण मॅनिफोल्डला नाही, कारण त्यावर ६०० अंशांचा सिल्व्हर हीट-रेझिस्टंट रंग मारायचा होता. खाली ऑइलचा अंश राहिला तर पहिल्याच गरमीत पापुद्रे निघतात. हेडला बसणारी बाजू स्ट्रेट-एज (सरळ पट्टी) आणि फिलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) तपासली; एका टोकाला वाक निघाला, ती उद्यमनगरात सरफेस ग्राइंडिंगला देऊन मगच रंग.

सायलेन्सरच्या आत मी काहीही ओतलं नाही आणि कुणी ओतू नये. आतल्या जाळ्यांत वाफ अडकून राहते, आणि पुढे गाडी सुरू करताना किंवा सायलेन्सरला वेल्डिंग करताना ती भडकते. पाइपला वेल्डिंग असेल तर ब्रेक क्लीनरच्या डब्यावरचं लेबलही वाचा. क्लोरीन असलेला क्लीनर अंगाला राहिला आणि त्यावर आर्क लागला, तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. वेल्डिंगच्या भागाला फक्त साबण-पाणी आणि पूर्ण वाळवणं.

आता काळ्या पाण्याचा प्रश्न. आमच्याकडची गटारं जयंती नाल्याला आणि नाला पंचगंगेला मिळतो. वापरलेलं ऑइल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं, पण नियम नसता तरी मी ते नदीत जाऊ दिलं नसतं. ते पाणी खालची गावं वापरतात. टर्पेंटाइन कॅनमध्ये स्थिर ठेवलं की गाळ तळाशी बसतो आणि वरचं पुढच्या पहिल्या फेरीला पुन्हा चालतं. जमिनीवर सांडलेल्यावर लाकडाचा भुसा. कॉस्टिकचं पाणी मात्र ऑइल धरून ठेवतं, वेगळं होत नाही, म्हणून झाकणाच्या ड्रममध्ये लेबल लावून ठेवलं आहे. तळाचा गाळ, भुसा, चिंध्या आणि तो ड्रम, सगळं अशा गॅरेजकडे जाईल जिथून नोंदणीकृत पुनर्प्रक्रियावाले माल उचलतात.

सध्याची स्थिती: मॅनिफोल्ड रंगून तयार, रंग इंजिनच्या उष्णतेवर टप्प्याटप्प्यानं भाजायचा बाकी. हेड नवीन गाइड बसवायला मिस्त्रींकडे. टॅपेट कव्हरचं नवीन बुचाचं पॅकिंग आणलं आहे. इंजिन सुरू झाल्यावर त्या मागच्या कोपऱ्यावर टाल्कम पावडर भुरभुरून फेरी मारणार. गळती उरली असेल तर पांढऱ्या पावडरवर ओली रेघ लगेच उमटते. पद्मिनीच्या हेडला ब्राँझचे गाइड कुणी बसवले असतील तर बिडाच्या गाइडच्या तुलनेत क्लिअरन्स किती ठेवला आणि काही हजार किलोमीटरनंतर धुराचं काय झालं, ते जरूर सांगा. मिस्त्री बिडाच्या बाजूचे आहेत, माझं अजून ठरलेलं नाही.