तुम्ही विचारलंत म्हणून: "अगं, पण तो फुटला तर?"

आम्ही सिएटलजवळ राहतो आणि गेली सात-आठ वर्षं मी, नवरा, लेक, दीर आणि दोन-तीन मित्रमंडळी असे मिळून इथल्या बर्फाळ ज्वालामुखींवर चढायला जातो. फोटो टाकला की पहिला प्रश्न ठरलेला. सांगलीची आत्या तर हॅलो पण म्हणत नाही, थेट "अगं, पण तो फुटला तर?" पूर्वी मी "नाही गं फुटत" म्हणून विषय बदलायचे, पण आता ऑफिसमधल्या दादरच्या मुलापासून खालच्या मजल्यावरच्या वहिनींपर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय, तर एकदा नीट लिहूनच टाकते.

फुटू शकतो का? हो, शकतो, खोटं कशाला बोलू. सेंट हेलेन्स, ॲडम्स, रेनियर, हूड, सगळे कॅस्केड रांगेतले आणि सगळे जिवंत, फक्त झोपलेले. सेंट हेलेन्स तर १८ मे १९८० ला फुटला, रविवारी सकाळी ८ वाजून ३२ मिनिटांनी, अख्खी उत्तर बाजू ढासळली, डोंगराची उंची एका सकाळीत तेराशे फुटांनी कमी झाली आणि ५७ माणसं गेली. पण त्याने दोन महिने आधीपासून कुरकुर चालवली होती. २० मार्चला भूकंपाचा मोठा धक्का, २७ मार्चला वाफेचा पहिला स्फोट, मग उत्तरेकडे फुगवटा आला आणि तो दिवसाला पाच-पाच फूट वाढायला लागला. बराचसा भाग बंद केला होता म्हणूनच आकडा ५७ वर थांबला. आणि गंमत म्हणा किंवा नशीब, आपापल्या केबिनमधलं सामान आणायला लोकांची एक तुकडी त्याच रविवारी सकाळी दहाला आत सोडणार होते. दीड तासाने वाचले ते लोक.

आई आली होती तेव्हा तिला समोरच्या जॉन्स्टन रिजवर नेलं होतं. डेव्हिड जॉन्स्टन हा ३० वर्षांचा शास्त्रज्ञ तिथून डोंगरावर लक्ष ठेवून होता, तो तिथेच गेला, त्याचंच नाव त्या धारेला दिलंय. मग मी आईला हॅरी ट्रुमनची गोष्ट सांगितली, स्पिरिट लेकच्या काठी लॉज चालवणारा ८३ वर्षांचा म्हातारा, सगळे विनवून थकले पण हलला नाही, १६ मांजरांसकट गाडला गेला. आई बराच वेळ त्या अर्ध्या डोंगराकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मांजरं तरी सोडायची होती मेल्याने."

तर मुद्दा असा की आता या डोंगरांवर भूकंपमापक बसवलेत, २००४ ला सेंट हेलेन्स परत हलायला लागला तेव्हा चढाई बंदच करून टाकली, २००६ ला उघडली. म्हणजे तो फुटायच्या बेतात असेल तर आपल्याला बहुधा परमिटच मिळणार नाही. मला भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टींची, आणि त्या कोणी विचारतच नाही.

आम्ही सगळे सह्याद्रीत वाढलेले. तोरणा, राजगड, हरिश्चंद्रगड, त्यामुळे इथे आलो तेव्हा छाती फुगवूनच आलो. आपला सह्याद्रीही लाव्हाचाच की, पण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून वाहून थरावर थर पसरलेला, म्हणून आपले गड वरून बऱ्यापैकी सपाट. इथे मात्र शाळेच्या चित्रातला असतो तसा शंकू. रेनियरला पहिल्यांदा गेलो तर पॅराडाइज नावाच्या ठिकाणी गाडी लावली आणि नवऱ्याने घड्याळात उंची बघितली, ५,४०० फूट. म्हणजे कळसूबाईच्या शिखराएवढ्या उंचीवर इथलं पार्किंग! डोंगर तिथून सुरू आणि वर १४,४१० पर्यंत. फुगलेली छाती तिथेच जरा खाली आली. (रेनियरच्या माथ्यावर आम्ही गेलेलो नाही, दहा हजार फुटांवरच्या कॅम्प म्यूरपर्यंतच. त्यापुढे हिमनदीवरच्या भेगा, दोर, बचावाचं वेगळं शिक्षण, ते आमचं काम नाही.)

कातळावर आपल्या पायाला सवय असते, पाय ठेवला की ठेवला. बर्फावर ठेवलेला पाय तुमचा असेलच असं नाही. म्हणून आधी आइस ॲक्स (बर्फात रुतवायची टोकदार कुऱ्हाड) घेऊन एका साध्या उतारावर दोन दिवस नुसतं पडायला शिकलो. खरंच, मुद्दाम पडायचं, पाठीवर, पोटावर, डोकं खाली पाय वर, आणि घसरता घसरता उलटं होऊन ॲक्सचं टोक बर्फात रुतवून त्यावर सगळं वजन टाकून थांबायचं. लेक तेव्हा बारा वर्षांची, तिसऱ्या खेपेला थांबली. दीर जिममध्ये शंभर किलो उचलतो, तो पार खालच्या सपाटीपर्यंत गेला. लेक अजून त्याला ऐकवते.

दुसरी गोष्ट ऊन. बर्फात ऊन कसलं बाधतंय असं मलाही वाटायचं. पहिल्या सेंट हेलेन्सनंतर माझ्या नाकपुड्या आतून भाजल्या होत्या, ऊन खालच्या बर्फावरून परत वर येतं ना, हनुवटीखाली आणि नाकात कोण क्रीम लावतं? आता लावते. आणि काळा चष्मा एक मिनिटसुद्धा काढायचा नाही. वर पोचल्यावर क्रेटरच्या, म्हणजे ज्वालामुखीच्या तोंडाच्या, काठावर वाकून बघायचा मोह होतो, तोही आवरायचा, कारण वाऱ्याने साठलेला बर्फ काठाच्या बाहेर छज्जासारखा लोंबत असतो आणि वरून बघताना पायाखाली डोंगर आहे की नुसता छज्जा ते कळतच नाही. हो, आणि संडासचं पण सांगते कारण बायका हळूच तेही विचारतात. सोबत पिशवी न्यायची, तिच्यात करायचं आणि पिशवी खाली घेऊन यायची. हो, पाठीवरच्या सॅकमधून. सवय होते.

तिसरी, आणि माझ्या मते सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे उतरणं. उतरताना लोक बसून घसरत येतात, ग्लिसेड म्हणतात त्याला, लहानपणीची घसरगुंडीच, हजार-दोन हजार फूट पाच-दहा मिनिटांत. पण आधी बुटांचे काटे काढायचेच. आमचा एक मित्र दमला होता, "आता कुठे काढत बसू" म्हणून मायक्रोस्पाइक्स तसेच ठेवून बसला, एक काटा बर्फात अडकला, पाय तिथेच राहिला आणि माणूस पुढे गेला. घोटा असा काही पिरगळला की उरलेले चार मैल आम्ही त्याला आळीपाळीने खांदा देत आणला, गाडीपाशी पोचलो तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते.

म्हणून मग आम्ही एक नियम केला, दुपारी एक वाजला की असाल तिथून मागे फिरायचं. दुपारी बर्फ मऊ होतो, मांडीपर्यंत पाय रुततात, हवा फिरते.

गेल्या जुलैत ॲडम्सला गेलो, १२,२७६ फूट. आदल्या रात्री लंच काउंटर म्हणतात त्या नऊ-साडेनऊ हजारांवरच्या पठारावर तंबू, पहाटे तीनला निघालो, चपातीचा लाडू दगड झालेला, तो चघळत चघळत वर. तिथे एक फसवं शिखर आहे, पायकर्स पीक, खालून वाटतं हेच टोक, वर गेलं की खरं शिखर मागे लांब दिसतं. आमच्यातल्या एकाचं डोकं दुखत होतं, वारा उभं राहू देत नव्हता, पायकर्सवर पोचलो तेव्हा एक वाजून दहा मिनिटं. शिखर समोर, उरले सहाशे फूट. नवरा म्हणाला तासाभरात जाऊन येऊ. मी काही बोलले नाही, खरं सांगते, मलाही जायचंच होतं. लेक म्हणाली, "बाबा, एकला वळायचं ठरलं होतं, दहा मिनिटं जास्तच झालीत." तो दोन मिनिटं शिखराकडे बघत उभा राहिला, मग खाली बसून काटे काढायला लागला. तंबूपर्यंत कोणाशी बोलला नाही.

घरी आलो, तेवढ्यात आत्याचा फोन.

"काय गं, पोचलात का वर?"

"नाही, सहाशे फूट राहिले, परत फिरलो."

"अगं, एवढं मर मर मरून गेलात आणि सहाशे फुटांसाठी परत आलात? आता परत कधी जाताय?"