बांगलादेशातील चक्रीवादळे आणि मृतांचा रकाना

गेले काही महिने मी फावल्या वेळात बांगलादेशातील चक्रीवादळांचा एक तक्ता तयार करत आहे. हवामानामुळे ओढवणाऱ्या संकटांपुढे एखादा देश पूर्वीपेक्षा अधिक असुरक्षित झाला की कमी, हे वर्षानुवर्षांच्या आकड्यांवरून कसे ठरवायचे, हा प्रश्न मला बरेच दिवस सतावतो आहे, आणि त्यासाठी याहून बोलके उदाहरण मला सापडलेले नाही.

तक्त्याची पहिली ओळ 12 नोव्हेंबर 1970 च्या रात्रीची आहे. हा देश तेव्हा पूर्व पाकिस्तान होता आणि भोला बेटाच्या परिसरात समुद्र आत शिरून तीन ते पाच लाख माणसे बुडाली. 29 एप्रिल 1991 च्या चितगावच्या वादळात सुमारे 1 लाख 38 हजार माणसे गेली, 2007 च्या ‘सिद्र’मध्ये साडेतीन हजारांच्या आत, तर मे 2020 च्या ‘अम्फान’मध्ये बांगलादेशात तीसच्या आसपास. दरम्यान लोकसंख्या दुपटीहून अधिक वाढली. कोणतीही दोन वादळे सारखी नसतात, भरतीची वेळ आणि किनाऱ्याचा उतार यांवर बरेच काही ठरते, सुंदरबनाने सिद्रचा काही जोर अंगावर झेलला, हे सर्व धरूनही ही घट खरी आहे.

ती आपोआप झालेली नाही. 1972 मध्ये रेडक्रॉसच्या पुढाकाराने चक्रीवादळ पूर्वतयारी कार्यक्रम सुरू झाला आणि पुढे तो सरकारने व रेड क्रेसेंटने (रेडक्रॉसच्याच तिथल्या भावंड संस्थेने) मिळून चालवला. गावातल्या खांबावर स्वयंसेवक एक, दोन किंवा तीन निशाणे चढवतात. तिसरे चढले की घर सोडून निवाऱ्याकडे निघायचे, हे तिथे अक्षरओळख नसलेल्या माणसालाही कळते. खांबांवर उचललेले हे निवारे एरवी शाळा म्हणून वापरले जातात. 1991 मध्ये इशारा मिळूनही अनेकजण निघाले नाहीत, कारण गुरे कोण राखणार आणि परक्या पुरुषांच्या गर्दीत बायकांनी रात्र कशी काढायची, हे प्रश्न होते. त्या रात्री पुरुषांपेक्षा स्त्रिया कितीतरी अधिक संख्येने मेल्या. त्यानंतर निवाऱ्यांत स्त्रियांसाठी वेगळ्या खोल्या आल्या आणि स्वयंसेवकांत स्त्रियांची संख्या वाढली. गुरांसाठी मातीचे उंच भराव पूर्वीपासून घातले जात होते. त्यांना तिकडे ‘किल्ला’ म्हणतात, हे वाचून मी काही क्षण थांबलो होतो.

इथवर मृतांचा रकाना पुरतो. 25 मे 2009 च्या ‘आयला’च्या ओळीशी तो अपुरा पडतो. त्या ओळीत बांगलादेशातील मृतांचा आकडा सुमारे 190 आहे आणि वरच्या आकड्यांशेजारी ती ओळ किरकोळ वाटते. प्रत्यक्षात खुलना आणि सातखिरा जिल्ह्यांतील मातीचे बंधारे फुटले आणि आतल्या सखल शेतांत खारे पाणी भरतीबरोबर येत-जात राहिले. काही गावांतील कुटुंबांनी त्याच बंधाऱ्यांवर झोपड्या बांधून दोन-दोन वर्षे काढली. भात पिकेना, तळ्यांचे गोडे पाणी खारट झाले, आणि हंडा घेऊन लांब चालत जाणे बायकांच्या वाट्याला आले. जीव वाचवण्यात हा देश इतका पुढे गेला होता, तरी वाचलेल्या जीवाला पुन्हा उभे करण्याची ताकद त्या मानाने वाढलेली नव्हती.

तयार निर्देशांकांकडे वळावे, तर तिथेही सावध राहावे लागते. हवामानाच्या संकटांचा सर्वाधिक फटका बसलेल्या देशांच्या, जर्मनवॉच या संस्थेने केलेल्या 2000 ते 2019 या काळाच्या यादीत म्यानमार दुसऱ्या क्रमांकावर होता, तो प्रामुख्याने 2008 च्या ‘नर्गिस’ या एका वादळामुळे. अशी यादी घडून गेलेले नुकसान सांगते; तेवढाच वारा आणि तेवढेच पाणी उद्या आले तर काय होईल, हे तिच्यातून कळत नाही. शिवाय असुरक्षिततेची व्याख्याच मध्यंतरी बदलली. आयपीसीसी या हवामानबदलावरील संयुक्त राष्ट्रांच्या समितीच्या 2007 च्या अहवालात माणसे संकटाच्या तडाख्यात किती येतात, हा असुरक्षिततेचाच भाग होता. 2014 च्या अहवालात तो वेगळा काढला गेला. व्याख्या मध्येच बदलून काढलेला आलेख चढला काय आणि उतरला काय, देशाबद्दल तो काहीच सांगत नाही. म्हणून मी माझ्या तक्त्यात एकच व्याख्या आरंभापासून शेवटपर्यंत ठेवली आहे.

‘निसर्ग’ वादळानंतर मी श्रीवर्धन तालुक्यात एका ओळखीच्यांच्या वाडीत गेलो होतो. घरातले सगळे सुखरूप होते. सुपारीची झाडे मात्र एकावर एक आडवी पडली होती, आणि नव्या रोपाला सुपारी धरायला सहा-सात वर्षे लागतात, हे आजोबा मला बोटांवर मोजून सांगत होते. त्या बोटांची आठवण आयलाची ओळ भरताना झाली. आता मी मृतांच्या शेजारी एक नवा रकाना आखला आहे: वादळानंतर त्याच शेतात पहिले भात उभे राहायला लागलेले महिने. आयलापुढे तिथे एकच आकडा लिहिता येत नाही, म्हणून मी ती ओळ गावागणिक फोडायला घेतली आहे.