सोलापुरात समुद्री शिंपले : माझ्या लघुप्रबंधाचा अनुभव

प्राणिशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात शेवटच्या वर्षी लघुप्रबंध सादर करावा लागतो. चांदीच्या नॅनोकणांचा, म्हणजे अतिसूक्ष्म कणांचा, समुद्री शिंपल्यांच्या पेशींवर काय परिणाम होतो, हा विषय मी मांडला तेव्हा मार्गदर्शक सरांनी विचारले, ‘‘सोलापुरात शिंपले जगवणार कसे? भीमेतले गोड्या पाण्यातले शिंपले का घेत नाहीस?’’ प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर द्यायला मला आठवडाभर वाचावे लागले.

विषय मात्र घरातूनच आला होता. माझे वडील पूर्व भागातील एका कारखान्यात टॉवेलच्या मागावर काम करतात. जंतुरोधक म्हणून विकल्या जाणाऱ्या कापडावर चांदीच्या अतिसूक्ष्म कणांची प्रक्रिया करतात, हे मी प्रथम त्यांच्याकडून ऐकले. २००८ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी अशी प्रक्रिया केलेले मोजे पाण्यात धुऊन पाहिले होते आणि काही मोज्यांतून चांदी पाण्यात उतरल्याचे त्यांना आढळले होते. आपल्याकडचे पाणी सीनेत, सीना कुडलच्या संगमावर भीमेत, भीमा पुढे कृष्णेत आणि कृष्णा बंगालच्या उपसागरात, ही वाट शाळेत पाठ केलेली होती. त्या वाटेने काय वाहत जाते याचा विचार तेव्हा केला नव्हता. वाटेतच बरीचशी चांदी सांडपाण्यातील गंधकाशी संयोग पावते आणि तुलनेने निरुपद्रवी होते, हेही वाचनात आले आणि ते मी प्रबंधात पहिल्याच प्रकरणात लिहिले, कारण ते न लिहिता भीती दाखवणे अप्रामाणिकपणाचे ठरले असते.

समुद्री शिंपलेच का, याचे उत्तर मला त्यांच्या इतिहासात मिळाले. हा प्राणी खडकाला चिकटून एका जागी राहतो, तासाला लिटरभर किंवा त्याहूनही अधिक पाणी कल्ल्यांतून गाळतो आणि पाण्यातले धातू व कीटकनाशके अंगात साठवतो. म्हणूनच अमेरिकी सागररसायनशास्त्रज्ञ एडवर्ड गोल्डबर्ग यांनी १९७५ मध्ये शिंपल्यांच्या साहाय्याने किनाऱ्यांवर पाळत ठेवण्याची कल्पना मांडली आणि १९८६ पासून अमेरिकेत तसा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. एवढ्या वर्षांत पारखलेल्या कसोट्या तयार असताना नव्या विद्यार्थ्याने त्यांचाच आधार घ्यावा, हे सरांना पटले.

आपल्या किनाऱ्यावर मिळतो तो हिरव्या कडेचा शिंपला, ‘पेर्ना विरिडिस’. कोकणात त्याला शिनाणे म्हणतात. रत्नागिरीजवळ ओहोटीच्या वेळी खडकावर शिंपले काढणाऱ्या एका मावशींनी मला पहिला धडा दिला. मी शिंपला ओढून काढू लागले तशा त्या म्हणाल्या, ‘‘बाय, ओढू नको, दोरे काप.’’ शिंपला रेशमासारख्या चिवट धाग्यांनी खडकाला धरून असतो. ते धागे ओढले तर आतला मांसल भाग फाटतो आणि प्राणी मरू शकतो. कात्रीने धागे कापून, शिंपले समुद्राच्या पाण्यात भिजवलेल्या गोणपाटात गुंडाळून मी थर्माकोलच्या पेटीत ठेवले. बर्फाच्या बाटल्या वेगळ्या कापडात बांधून बाजूला लावल्या. पेटीत पाणी भरायचे नसते, कारण कवच घट्ट मिटून ओलाव्यात शिंपला बराच काळ तग धरतो, पण साचलेल्या पाण्यातला प्राणवायू लवकर संपतो. आंबा घाट आणि कोल्हापूर करत रात्रभराच्या प्रवासानंतर सकाळी प्रयोगशाळेत पेटी उघडली तेव्हा सगळे जिवंत होते.

त्यांतले निम्म्याहून अधिक पुढच्या सहा दिवसांत मेले. महिना एप्रिलचा होता, बाहेर पारा चाळिशीपार गेला होता आणि दुपारी वीज गेली की टाकीतला हवेचा पंपही बंद पडत होता. तरीही खरे कारण उष्णता नव्हते. मी ऊर्ध्वपातित पाण्यात मीठ, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियमचे क्षार आणि सोडा मोजून घालून समुद्राचे पाणी तयार केले होते. क्षारता हजारी तीस बरोबर होती. परंतु शिंपले अमोनिया उत्सर्जित करतात आणि तो पचवणारे जिवाणू गाळणीत वस्तीला यायला काही आठवडे लागतात, ही गोष्ट मी वाचूनही मनावर घेतली नव्हती. एक शिंपला मेला की त्याच्या कुजण्याने बाकीचे संकटात येतात. उघडी पडलेली, बोट लावले तरी न मिटणारी कवचे एकेक करून बाहेर काढताना मला फार वाईट वाटले. ते प्राणी मी आणले होते आणि माझ्या घाईमुळे ते गेले होते.

दुसरी खेप डिसेंबरात आणली. त्याआधी दीड महिना टाकी रिकामी चालवून गाळणी पिकवली, रोज अमोनिया तपासला आणि शिंपल्यांना दोन आठवडे सूक्ष्म शैवालावर स्थिरावू दिले. या खेपेत फक्त तीन शिंपले दगावले.

खरी अडचण पुढेच होती. सायट्रेटचे (लिंबातल्या आम्लाच्या क्षाराचे) आवरण असलेल्या चांदीच्या नॅनोकणांचे द्रावण स्वच्छ पिवळे दिसते. ते मी समुद्राच्या पाण्यात टाकले आणि थोड्याच वेळात पिवळेपणा मावळून पाणी राखाडी झाले. दुसऱ्या दिवशी बरणीच्या तळाशी बारीक गाळ होता. कणांवरील विद्युतभारामुळे ते एकमेकांपासून दूर राहतात, परंतु खाऱ्या पाण्यातील क्षार त्या भाराचा प्रभाव झाकून टाकतात आणि कण एकत्र येऊन त्यांचे पुंजके होतात. शिवाय काही चांदी विरघळते आणि क्लोराइडशी बांधली जाते. सर बरणीकडे पाहून म्हणाले, ‘‘मात्रा तू लिहिली आहेस, पण शिंपल्याने काय खाल्ले ते लिहिलेले नाही.’’

या एका वाक्याने प्रयोगाची आखणी बदलली. आरंभी मला वाटले होते की कण तळाशी बसले म्हणजे धोका टळला. वाचल्यावर उलट चित्र दिसले. शिंपल्याचे कल्ले साधारण ४ मायक्रोमीटर आणि त्याहून मोठे कण जवळजवळ पूर्ण अडवतात. १०० नॅनोमीटरहून लहान सुटा कण त्यांतून सहज निसटतो. तोच कण पुंजक्यात किंवा शैवालाच्या कणाला चिकटून आला की अडतो आणि तोंडाकडे ढकलला जातो. म्हणजे जी गोष्ट कणांना पाण्यातून नाहीशी करते, तीच त्यांना शिंपल्याच्या पोटात पोहोचवते. नको असलेला भाग शिंपला श्लेष्मात गुंडाळून बाहेर टाकतो, आणि तो तळातल्या इतर जीवांच्या वाट्याला येतो.

म्हणून मी चार गट केले : नुसते समुद्राचे पाणी, फक्त सायट्रेट, नॅनोचांदी आणि तेवढीच चांदी सिल्व्हर नायट्रेट या विरघळणाऱ्या क्षाराच्या रूपात. चांदी गाळणीतल्या जिवाणूंनाही मारते, त्यामुळे बरण्यांना गाळणी न लावता रोज पाणी बदलले. वापरलेले पाणी मोरीत ओतले नाही. ते वेगळे साठवून ठेवले.

परिणाम पाहण्यासाठी न्यूट्रल रेड रंगाची कसोटी निवडली. शिंपल्याच्या मागच्या मिटस्नायूतून सुईने थोडे रक्तद्रव काढायचे, काचपट्टीवर पेशी चिकटू द्यायच्या आणि रंग घालायचा. निरोगी पेशीतील लायसोसोम, म्हणजे पचनाच्या सूक्ष्म पिशव्या, हा रंग आत धरून ठेवतात. त्यांचे आवरण दुबळे झाले की तो पेशीद्रवात झिरपतो. प्रथम पंधरा मिनिटांनी, मग तिसाव्या मिनिटाला आणि पुढे दर अर्ध्या तासाने मोजणी करायची, तीही मंद प्रकाशात, कारण प्रखर प्रकाशानेच पेशी बिघडतात. कोणती काचपट्टी कोणत्या गटाची हे मला कळू नये म्हणून मैत्रीण त्यांवर क्रमांक टाकत असे. हे मी आग्रहाने केले. रंग झिरपला की नाही हे ठरवणारा डोळा आपलाच असतो आणि त्याला आपली अपेक्षा आधीच ठाऊक असते.

प्रयोगात एकही शिंपला मेला नाही. बाहेरून सगळे सारखेच दिसत होते, कवचाला स्पर्श केला की मिटत होते. परंतु चांदीच्या दोन्ही गटांतील पेशींनी नुसत्या समुद्राच्या पाण्यातल्यांपेक्षा लवकर रंग सोडला. सायट्रेटच्या गटात तसे दिसले नाही. नॅनोचांदी आणि नायट्रेट यांच्यातील फरक मात्र माझ्या थोड्याशा नमुन्यांत स्पष्ट झाला नाही.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमके यावरच बोट ठेवले : ‘‘मग हा परिणाम नॅनोकणांचा, असे म्हणता येईल का?’’ मी म्हटले, ‘‘नाही सर, चांदीचा म्हणता येईल. कणांचा म्हणण्यासाठी विरघळलेली चांदी वेगळी गाळून मोजावी लागेल, आणि ती सोय मला मिळाली नाही.’’ त्यांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न गाळणी पिकवण्याबद्दल विचारला.

त्या संध्याकाळी वडिलांनी सगळे विचारून घेतले आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यातून जंतुरोधक प्रक्रियेचा एक टॉवेल विकत आणला. आम्ही तो तीनदा धुतला. तिन्ही वेळचे पाणी नायट्रिक आम्ल घालून काळ्या बाटल्यांत भरले आहे, त्यावर धुण्याची तारीख लिहिली आहे, आणि धातू मोजण्यासाठी नमुने पाठवण्याचा अर्ज सरांनी सही करून पुढे दिला आहे.