हो, मी कोंबडी घेते

लग्नात, जुन्या मित्रमैत्रिणींच्या भेटीत, मी मिशन हॉस्पिटलात डॉक्टर आहे म्हटल्यावर कुणीतरी हटकून विचारतंच. "मिशन हॉस्पिटल म्हणजे सेवा ना? मग गरिबांकडून कोंबड्या, अंडी, भोपळे घेता कसे? मनाला लागत नाही?" विचारणाऱ्याच्या आवाजात काळजी कमी आणि कसं पकडलं, हा आनंद जास्त असतो. इतकी वर्षं हसून विषय बदलत आले. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सांगते.

पहिलं म्हणजे आमच्याकडे सगळं फुकट नसतं. ज्याला बिल भरता येतं त्याच्याकडून आम्ही ते घेतो, म्हणून तर शेजारच्या खाटेवरच्याचं माफ करता येतं. परदेशातून पोत्यांनी पैसा येतो असं वाटत असेल तर माझी पगाराची चिठ्ठी बघायला या. आणि धर्माचं विचारणार असाल तर ते पुन्हा कधी. आज कोंबडीबद्दल.

आफ्रिकेत लांबारेनेला 1913 मध्ये हॉस्पिटल सुरू करणारे अल्बर्ट श्वाइट्झर पेशंटांकडून केळी, अंडी, कोंबड्या चक्क मागून घेत. भरती असलेल्यांची पोटं त्यावरच भरायची. गंमत म्हणजे बरे झालेले काही जण उलट त्यांच्याकडेच भेट मागत: आता आपण मित्र झालो ना, मग द्या काहीतरी! श्वाइट्झरना त्याचं नवल वाटलं. मला मात्र ते पेशंट शहाणे वाटतात. नातं जुळल्यावर कुणी कुणाला द्यायचं, हे त्यांनी डॉक्टरवर सोडलं नव्हतं.

पण हे सगळं मी नंतर गोळा केलेलं समर्थन. खरं कारण एक माणूस आहे.

माझं आमच्या हॉस्पिटलातलं दुसरं वर्ष. एका बाईला रात्री टेम्पोतून आणलं. घरी बाळंत झालेली, वार अडकलेली, नाडी हाताला लागत नव्हती. वार काढली, गर्भपिशवी आवळून रक्त थांबावं म्हणून ऑक्सिटोसिन लावलं, पोटावरून ती चोळत राहिले. ती आवळेना. मी हात काढला की खालची चादर पुन्हा लाल. ड्रायव्हर रक्तपेढीकडे पळाला होता. तो दोन बाटल्या घेऊन आला तेव्हा मावशी तिचे पाय पुसत होत्या. बाटल्या त्याने टेबलावर ठेवल्या आणि कुणाकडेच न बघता बाहेर गेला. बाळ जगलं. बिल अर्थातच माफ केलं, आणि ते माफ करताना मला बरं वाटलं, हेही कबूल करते.

तीन आठवड्यांनी तिचा नवरा ओपीडीच्या दारात. बगलेत तांबडी कोंबडी, पाय साडीच्या फाटक्या काठाने बांधलेले. "तिने पाळलेली आहे," म्हणाला.

मी ठरलेलं वाक्य बोलले. तेव्हा सगळ्यांनाच बोलायचे. "अहो, कशाला? घरी न्या, घरात लागेल."

तो हलला नाही. रागावलाही नाही. म्हणाला, "ती वाचली असती तर घेतली असती ना, डॉक्टरबाई?"

मला काही सुचलं नाही. रांगेतला पुढचा केसपेपर उचलला. हो, खरंच उचलला. मागून मावशी आल्या, "आणा इकडे," म्हणून दोन्ही हातांनी कोंबडी घेतली, पोर कसं आहे, दूध कुणाचं मिळतं, सगळं विचारलं. तो बाकावर बसून बराच वेळ त्यांच्याशी बोलत होता. माझ्याशी पुन्हा कधी बोलला नाही.

वेल्लोरला 1902 मध्ये आयडा स्कडर या अमेरिकन मिशनरी डॉक्टरबाईंचं 40 खाटांचं हॉस्पिटल उभं राहिलं ते न्यूयॉर्कच्या शेल नावाच्या बँकरच्या 10,000 डॉलरवर. वारलेल्या बायकोच्या स्मरणार्थ दिले होते त्यांनी. हॉस्पिटलला तिचं नाव लागलं. "राहू द्या, घरात लागतील," असं काही त्यांना कुणी म्हणालं नसणार.

म्हणून घेते. पण त्या वेळची मी अगदीच मूर्ख होते, असं अजूनही म्हणवत नाही. घेणं म्हणजे समोरच्याच्या ओशाळेपणाचा फायदा घेणं, असं ती तेव्हाची मी म्हणायची. एकदा मी आनंदाने घेतलेली कोंबडी शेजाऱ्याकडून उसनी आणलेली होती, हे मला महिन्याने कळलं. परत करायची तर कशी? आणि तोवर ती हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात संपलीही होती. तेव्हा तिचंच बरोबर वाटलं. नियम म्हणाल तर रोख रकमेची पावती फाडतो, जिन्नस स्वयंपाकघरात जातो. पावतीने हा प्रश्न सुटत असता तर अकाउंटंटनेच सोडवला असता.

मावशींनी ती तांबडी मात्र कापली नाही. परसात ठेवली. पुढे एकदा सकाळी राउंड संपवून आले तर माझ्या टेबलावर कागदात गुंडाळलेली दोन अंडी. मी पर्स उघडत विचारलं, "किती द्यायचे, मावशी?"

त्या हातातलं फडकं तसंच धरून माझ्याकडे बघत राहिल्या.