जेवणाच्या टेबलावर हेर

टोकियोत दुभाषी आहे म्हटलं की लोकांना वाटतं काय मजा असेल, प्रत्यक्षात दिवसभर स्टेंट, कॅथेटर, कोटेशन, आणि रात्री जेवतानाही दुसऱ्यांचंच बोलणं पोचवायचं. त्या दिवशी पुण्याचे डॉक्टर लोक होते. त्सुकिजीत सेंट ल्यूक्स हॉस्पिटलवरून बस जात होती तर सगळ्यात सिनियर सर (कॉलेजात विकेटकीपर होते, हे एअरपोर्टवरच सांगून झालेलं) खिडकीला चिकटले, "अगं, इथेच तो मो बर्ग वर चढला!" मी मनात म्हटलं असेल कोणी गिर्यारोहक.

रात्री यजमानांसमोर सरांनी तोच विषय काढला आणि मला घाम फुटला. म्हणजे बघा, १९३४ च्या नोव्हेंबरात बेब रूथ, लू गेरिग असले बेसबॉलमधले देव जपान दौऱ्यावर, त्यांच्यात हा बर्ग, राखीव कॅचर (म्हणजे बेसबॉलमधला विकेटकीपरच), पंधरा सीझनच्या करिअरमध्ये होमरन, म्हणजे साधारण आपले सिक्सर, फक्त ६, पण प्रिन्स्टनला शिकलेला, वकील, आणि ढीगभर भाषांची हौस. एक दिवस मॅचला दांडी मारून किमोनो घातला, फुलं घेतली, आणि अमेरिकन राजदूताची मुलगी बाळंत झालीये तिला भेटायचंय म्हणून हॉस्पिटलात शिरला. तिच्याकडे गेलाच नाही, सरळ गच्चीवर जाऊन लपवलेल्या सिनेकॅमेऱ्याने टोकियो शूट केलं. पुढे महायुद्धात हाच ओएसएसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या हेरखात्यात ऑफिसर.

आता ज्यांच्या शहरावर नंतर बॉम्ब पडले त्यांना हे कसं सांगायचं? पण गाळायचं नाही हा आमच्या धंद्याचा नियम, सो ताटाकडे बघत सगळं बोलून टाकलं. टेबल गप्प. मग सगळ्यात वयस्कर यजमानांनी चॉपस्टिक्स खाली ठेवल्या, "मग त्या बाईंना फुलं मिळाली का?" सर म्हणाले, "नाही हो, भेटलाच नाही." "बाळंतिणीला न भेटता गेला? फारच वाईट माणूस!" आणि सगळे हसले, माझा जीव भांड्यात पडला.

खरं सांगू, १९४२ च्या टोकियोवरच्या हल्ल्यात ती फिल्म कामी आली वगैरे म्हणतात, ते मला ताणलेलंच वाटतं. खरं काम झुरिकचं. डिसेंबर १९४४, समोर जर्मनीचा मोठा भौतिकशास्त्रज्ञ हायझेनबर्ग एस-मॅट्रिक्स या भौतिकशास्त्रातल्या विषयावर व्याख्यान देतोय, श्रोत्यांत हा, खिशात पिस्तूल, आणि ऑर्डर काय तर जर्मन अणुबॉम्ब तयार व्हायला आलाय असं वाटलं तर हायझेनबर्गलाच उडवायचं. यानं ऐकून घेतलं, ठरवलं की तसं काही दिसत नाही, पिस्तूल खिशातच राहिलं. वर नंतर एका जेवणानंतर त्याच्याच सोबत गप्पा मारत रस्त्याने चालत गेला! "कीपरलाच जमतं हे, बॉल सोडायचा कधी ते," इति सर. हे मात्र पोचवताना मलाच मजा आली.

युद्धानंतर मेडल ऑफ फ्रीडम मिळालं तर नको म्हणाला, कारणही दिलं नाही, तो गेल्यावर बहिणीनं घेतलं. यावर यजमानांचा प्रश्न, "पेन्शन तरी घेतलं का?" आणि सर त्या दिवसात पहिल्यांदाच निरुत्तर.